साडेतीन वर्षं राहिलेली लघवीची नळी : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मी त्यातलाच एक डॉक्टर म्हणून लिहितोय, बाहेरून बघणारा म्हणून नाही. रुग्णाची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तारखा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. कुठल्या रुग्णालयात काय झालं हेही नावानिशी सांगत नाही, कारण चुका एका जागी झाल्या नाहीत. त्यातल्या बऱ्याच माझ्या दवाखान्यात झाल्या.

पार्श्वभूमी

एप्रिल २०१२. सिंधुदुर्गातल्या एका गावात आंबे उतरवताना ३१ वर्षांचा एक गडी हापूसच्या कलमावरून पडला. फांदी ओली नव्हती, दारू प्यालेला नव्हता. पाय सटकला, एवढंच. पाठीच्या कण्यातलं डी-९ हाड, म्हणजे छातीच्या भागातला नववा मणका, मोडलं आणि बेंबीच्या खाली हालचाल आणि संवेदना दोन्ही गेल्या. जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात रॉड-स्क्रू घालून मणका स्थिर केला. पाच आठवड्यांनी घरी सोडलं. घरात आई, बायको आणि ४ वर्षांची मुलगी. घर चिऱ्याचं, संडास मागच्या परसात वीस पावलांवर, पाणी विहिरीचं.

घरी आला तेव्हा त्याला १६ नंबरची फोलीज कॅथेटर होती. ही रबराची नळी मूत्रमार्गातून मूत्राशयात जाते. आत तिच्या टोकाशी साधारण १० मिलिलिटर पाण्याचा फुगा भरतात, म्हणजे ती निसटत नाही. बाहेरचं टोक पिशवीला जोडलेलं असतं. मज्जारज्जूला इजा झाल्यावर पहिले काही आठवडे मूत्राशय पार ढिलं पडतं, स्वतःहून रिकामं होत नाही. त्यातच त्याला माकडहाडाच्या वर बेडसोर झाला होता आणि जखम कोरडी राहणं भाग होतं. तेव्हा ती नळी गरजेचीच होती. त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी दोन ओळी होत्या. "कॅथेटर दर महिन्याला बदलणे. युरॉलॉजी ओपीडीला दाखवणे." कधी, कशासाठी, न दाखवल्यास काय होईल, यातलं काहीच नव्हतं. ती मूत्रविकारांची ओपीडी दीडशे किलोमीटरवर. झोपून न्यायला गाडी भाड्याने करावी लागायची. तो गेला नाही, आणि मीही फारसा आग्रह धरला नाही.

आज मागे वळून बघताना पहिली चूक इथेच दिसते. नळी घालायचा निर्णय कुणीतरी विचार करून घेतला होता. ती ठेवायचा निर्णय मात्र कुणीच घेतला नाही. ती राहिली, कारण ती होती.

पहिली दोन वर्षं

दर महिन्याला एक निवृत्त सिस्टर घरी जाऊन नळी बदलायच्या. पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला की महिन्याचे दोन महिने व्हायचे. साध्या लेटेक्सच्या नळीला चार आठवडेही ताणलेलेच म्हणायचे.

पहिला ताप जुलै २०१२ मध्ये आला, हुडहुडी भरून. सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, उतरला. त्यानंतर एक ठरावीक चक्र सुरू झालं. बायको फोन करायची, "डॉक्टर, लघवी गढूळ इली. वास येता." मी रुटीन तपासणी सांगायचो. रिपोर्टात पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, ३०-४०. मी अँटिबायोटिक लिहायचो.

पुढे कधीतरी मी त्याचे जुने केसपेपर काढून मोजणी केली. २२ महिन्यांत अँटिबायोटिकचे ११ कोर्स झाले होते. त्यातल्या ७ वेळा त्याला ताप नव्हता. हुडहुडी नव्हती, पोटात दुखणं नव्हतं, निकामी पाय झटक्यांनी उडतात, तेही नेहमीपेक्षा जास्त उडत नव्हते. फक्त लघवी गढूळ होती आणि कागदावर एक आकडा होता.

नळी आत असली की दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के या गतीने लघवीत जंतू शिरत जातात. महिन्याभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. नळीच्या आतून-बाहेरून जंतूंचा एक बुळबुळीत थर चढतो, बायोफिल्म म्हणतात त्याला. पावसाळ्यात जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा. वरून बादलीभर पाणी ओतलं तर पायरी धुतल्यासारखी दिसते, पण पाय सटकतोच. अँटिबायोटिकचं तसंच होतं. लघवीत तरंगणारे जंतू मरतात, थरातले राहतात, आणि राहिलेले त्या औषधाला सरावतात. म्हणून नळी असलेल्या माणसाला लक्षणं नसतील तर केवळ लघवीत जंतू दिसले म्हणून औषध देऊ नये, असं मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. पण समोर काळजीने बघणारी बायको असते, हातात लाल अक्षरात छापलेला रिपोर्ट असतो, आणि काही न लिहिता कागद परत देणं फार अवघड जातं.

जळजळीचं सिरपही मी देत होतो. एकदा तोच हसून म्हणाला, "खाली माका काय समाजणाच नाय डॉक्टर. जळजळता काय नाय, तां माका कसां कळतला?" त्या दिवसापासून सिरप बंद झालं. बाकीचं चालू राहिलं.

कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, तीनदा केलं. तिन्ही वेळा नमुना जुन्या नळीतून घेतलेला, एकदा तर थेट पिशवीतून. अशा नमुन्यात नळीवरच्या थरातले जंतू उगवतात, मूत्राशयात खरा त्रास कोण देतंय ते कळत नाही. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलावी आणि नव्या नळीतून नमुना घ्यावा, हा साधा नियम. आमच्या रिपोर्टांत आधी क्लेबसिएला आला, मग ईएसबीएल प्रकारचा, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा, ई. कोलाय, मग प्रोटिअस. प्रत्येक रिपोर्टाला एक औषध लिहिलं गेलं.

२०१३ च्या गणपतीनंतर दोन नव्या तक्रारी सुरू झाल्या. पहिली, नळीच्या बाजूने लघवी गळून कपडे भिजायला लागले. आम्ही १६ ची नळी काढून १८ ची घातली, मग २०. गळती म्हणजे नळी बारीक पडली, असा आमचा समज. खरं तर मूत्राशय नळीभोवती आवळत होतं किंवा नळी अर्धी तुंबलेली होती. जाड नळीने गळती थांबली नाही. मूत्रमार्गावरचा दाब मात्र वाढला, आणि त्याची किंमत दोन वर्षांनी दिसली.

दुसरी तक्रार, नळी सारखी तुंबायला लागली. आधी तीन आठवड्यांनी, मग दहा दिवसांनी. सिस्टर म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, काढलेल्या नळीच्या टोकाला वाळूसारखं काहीतरी चिकटलेलं असतं." त्यांनी एक नळी कागदात गुंडाळून आणून दाखवलीही. मी बघितली आणि म्हणालो, पाणी जास्त प्यायला सांगा.

ती वाळू हाच खरा रिपोर्ट होता. प्रोटिअस हा जंतू युरिएज नावाचं एन्झाइम तयार करतो आणि लघवीतला युरिया फोडून अमोनिया बनवतो. लघवी अल्कधर्मी होते, मग मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअमचे फॉस्फेट क्षार स्फटिक होऊन बसतात. नळीवर बसले तर ती तुंबते, मूत्राशयात साठले तर खडा होतो. सारखी तुंबणारी नळी आणि टोकाला रेती दिसली की आधी सोनोग्राफी करायची. मी केली नाही. उलट त्या काळात दोनदा नायट्रोफ्युरँटॉइन दिलं, ज्याला प्रोटिअस मुळातच दाद देत नाही.

फेब्रुवारी २०१४ ची रात्र

संध्याकाळपासून पिशवीत लघवी नव्हती. बायकोला वाटलं, आज पाणी कमी प्याला. मध्यरात्री हुडहुडी भरली, पहाटेपर्यंत ताप १०४ वर गेला. सहा वाजता त्याला टेम्पोत घालून माझ्याकडे आणलं. रक्तदाब ८४/५०. बेंबीखाली तुडुंब भरलेलं मूत्राशय हाताला लागत होतं.

नळी काढायला गेलो तर आतल्या फुग्यातलं पाणी लवकर निघेना. शेवटी निघालं. मी नळी ओढली, ती अडकत अडकत आली आणि मागोमाग रक्त आलं. फुग्यावर अंड्याच्या कवचासारखा थर बसलेला होता. मूत्राशय मोकळं करणं तातडीचंच होतं, पण ओढण्याआधी मी युरॉलॉजिस्टला फोन करायला हवा होता. कवच बसलेली नळी ओढली की मूत्रमार्ग आतून खरवडला जातो. नवी नळी घातली, सलाइन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन सुरू करून त्याला पुढे पाठवलं.

तिथे सोनोग्राफीत मूत्राशयात तीन खडे निघाले, सर्वांत मोठा ३.२ सेंटिमीटर. दोन्ही किडन्या फुगलेल्या, डावी जास्त. रक्ताच्या कल्चरमध्येही प्रोटिअसच. म्हणजे जंतू रक्तात पोचला होता. मेरोपेनेमवर तो वाचला. आठवड्याने पोट उघडून खडे काढले. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. बाराव्या दिवशी तो घरी आला.

नळी घेऊन आला.

हा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा चुकलेला क्षण. माणूस मरता मरता वाचला होता, कारण कळलेलं होतं, तज्ज्ञ समोर होते, आणि तरीही "ही नळी अजून का आहे?" हा प्रश्न कुणी विचारला नाही. खडे काढले म्हणजे आजार काढला असं सगळ्यांनीच धरून चाललं. मीही डिस्चार्ज कार्ड वाचून फाइलला लावलं.

"याचे हात चालतात ना?"

सप्टेंबर २०१५ मध्ये बायकोने लाजत सांगितलं की शिस्नाच्या टोकाशी खालच्या बाजूला चीर पडल्यासारखी दिसते. तपासलं. नळी मांडीला बांधून खाली ओढलेली राहायची. साडेतीन वर्षांच्या त्या ओढीने, आणि मधल्या जाड नळ्यांनी, मूत्रमार्ग खालून दीड सेंटिमीटर चिरला होता. त्याला काही जाणवत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. लांब काळ नळी ठेवायची असेल तर पुरुषांत ती पोटावर वळवून चिकटवावी, हे मला तेव्हा एका तरुण युरॉलॉजिस्टने शिकवलं.

तो कोल्हापुरात नव्याने आला होता. मी फोनवर अर्धा इतिहास सांगितला असेल, मध्येच थांबवून त्याने विचारलं, "सर, याचे हात चालतात ना? मग याला नळी कशाला?"

तपासण्यांत तीन गोष्टी पुढे आल्या. मूत्राशयात पुन्हा १.४ सेंटिमीटरचा खडा होता. डावी किडनी फुगून तिचा बाहेरचा थर पातळ झाला होता. किडनीचं काम मोजणाऱ्या डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्ही किडन्यांचं मिळून रक्त गाळण्याचं काम मिनिटाला ६१ मिलिलिटर, त्यातला डाव्या किडनीचा वाटा २६ टक्के.

गंमत म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम जोखतात, ते ०.८ होतं. तीन वर्षं मी तोच आकडा बघून "किडनी छान आहे" सांगत होतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. कमरेखालचे स्नायू वाळून गेलेल्या माणसात ते मुळातच कमी बनतं, त्यामुळे किडनी अर्धी गेली तरी आकडा लॅबच्या मर्यादेत बसतो. अशा रुग्णात सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी किंवा स्कॅन जास्त भरवशाचा. नॉर्मल छापलेला कागद कधी कधी सर्वांत जास्त फसवतो.

मूत्राशयाच्या दाबाची, म्हणजे युरोडायनॅमिक तपासणीही झाली. मूत्राशयात जेमतेम १७० मिलिलिटर मावत होतं आणि दाब पाण्याच्या ६२ सेंटिमीटरपर्यंत जात होता. तो ४० च्या वर राहिला की किडन्यांना धोका, असं ढोबळमानाने मानतात. डी-९ च्या इजेनंतर मूत्राशय आवळतं तेव्हाच खालची झडपही आवळते. नळी उघडी असेपर्यंत हा दाब लपून राहतो. ती तुंबली की सगळा मार वर किडन्यांवर. आणि आमची नळी तर दहा दिवसांनी तुंबत होती.

पर्याय

कोल्हापूरच्या खोलीत तो, त्याची बायको, युरॉलॉजिस्ट आणि मी असे चौघे तासभर बसलो. ओपीडीत असा तास मिळत नाही. युरॉलॉजिस्टने शेवटचा नंबर मुद्दाम आमच्यासाठी ठेवला होता.

तीच नळी ठेवून काळजी वाढवणं हा एक मार्ग होता. लेटेक्सऐवजी सिलिकॉनची, जी जास्त काळ टिकते, पोटावर चिकटवलेली, वेळेवर बदललेली. सर्वांत कमी त्रासाचा मार्ग, आणि प्रोटिअस असताना सर्वांत कमी उपयोगाचा. सिलिकॉनही तुंबतेच, थोडी उशिरा. स्फिंक्टर, म्हणजे मूत्राशयाखालची झडप, कापून कंडोमसारखं बाहेरून बसवायचं कंडोम कॅथेटर लावणं आणि आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करणं, हे दोन्ही युरॉलॉजिस्टने सांगितलं आणि लगेच बाजूला ठेवलं. पहिल्यात परत फिरता येत नाही, दुसरी शस्त्रक्रिया मोठी आणि घाई नव्हती.

खरी चर्चा झाली ती दोन पर्यायांची.

एक, ओटीपोटातून भोक पाडून नळी थेट मूत्राशयात घालायची, सुप्राप्युबिक. मूत्रमार्गाची चीर वाढायची थांबते, बदलायला सोपी, बायकोलाही संकोच नाही. पण आत नळी कायमच. म्हणजे थर, खडे, तुंबणं, सगळं तसंच.

दुसरा, नळी ठेवायचीच नाही. दिवसातून पाच-सहा वेळा स्वतः पातळ, साधी नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि काढून टाकायची. यात हात निर्जंतुक नसले तरी चालतात, साबणाने स्वच्छ धुतलेले पुरतात, हे ऐकून मलाच विश्वास बसेना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांना अशी वेळोवेळी नळी घालायची पद्धत रूढ केली, पण ती संपूर्ण निर्जंतुक. अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये वेगळं मांडलं. मूत्राशय ताणून तुडुंब भरलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. तेव्हा वेळेवर रिकामं करणं हे निर्जंतुकपणापेक्षा महत्त्वाचं. २०१५ साली मी हे पहिल्यांदा नीट ऐकत होतो.

अडचणी वैद्यकीय कमी, घरच्या जास्त होत्या. रात्री कोण उठणार? पाहुणे आले तर कुठे जाणार? बायकोला करावं लागेल का, ही तिची भीती तिने विचारली नाही, त्यानेच विचारली. उत्तर "नाही, तूच करायचंस" असं आल्यावर त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. साडेतीन वर्षं त्याच्या शरीराचा हा भाग बाकी सगळे हाताळत होते.

खर्चाचा हिशेबही झाला. ऑपरेशन योजनेत बसतं, घरी रोज लागणाऱ्या नळ्या बसत नाहीत. प्रत्येक वेळी नवी नळी हे उत्तम, पण महिन्याला दीडशे नळ्या त्याला परवडणाऱ्या नव्हत्या. धुऊन, उकळून थंड केलेल्या पाण्यातून काढून, वाळवून एक नळी आठवडाभर वापरायची असं ठरलं. ही तडजोड आहे हे युरॉलॉजिस्टने त्याला तसंच सांगितलं.

त्याने दुसरा पर्याय निवडला.

काय केलं

ऑक्टोबर २०१५ मध्ये दुर्बिणीतून खडा फोडला, नळी काढली. मूत्राशय सैल करायला ऑक्सिब्युटिनिन सुरू केलं. वॉर्डमधल्या एका अनुभवी ब्रदरने पाच दिवस शिकवलं. १२ नंबरची नेलॅटॉन, म्हणजे तीच पातळ, साधी नळी, पाण्यात विरघळणारी जेली, स्टीलचा डबा, लघवी मोजायला मग आणि आकडे लिहायला एक वही. घरी आल्यावर आईने विचारलं, "खोबरेल लावला तर काय व्हतला?" प्रश्न रास्त होता, घरात सगळ्यावर तेच औषध. पण तेल पाण्यात विरघळत नाही, आत साचून राहिलं तर त्याभोवतीच खडा धरू शकतो. खोबरेल नाही.

पहिले दोन महिने वाईट गेले. मूत्राशय आकसलेलं, त्यामुळे दिवसातून आठ वेळा नळी घालूनही मध्ये कपडे भिजायचे. औषधाने तोंड कोरडं, पोट साफ होईना, आणि पोट तुंबलं की मूत्राशय आणखी आवळायचं. डिसेंबरात तो म्हणाला, "डॉक्टर, नळी होती तीच बरी होती. निदान रात्री झोप लागायची."

मी जवळजवळ मान्य केलं होतं. नळीचं पाकीट टेबलावर काढलेलंही होतं. घालण्याआधी कोल्हापूरला फोन केला तो केवळ शिष्टाचार म्हणून. युरॉलॉजिस्टने वहीतले आकडे वाचून दाखवायला सांगितले. तेव्हा लक्षात आलं की दुपारच्या वेळी ९० मिलिलिटर निघणारी लघवी आता १४० वर गेली होती. गळती होत होती, पण मूत्राशय सुधारत होतं. ती वही नसती तर त्या दिवशी नळी परत गेली असती, आणि मला ते दयेचं काम वाटलं असतं.

औषध बदलून सोलिफेनासिन दिलं. सकाळी ठरल्या वेळी पोट साफ करण्याची शिस्त लावली. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी. जून २०१६ पर्यंत एका वेळी ३२० ते ३५० मिलिलिटर मावू लागलं आणि दिवसातून पाच वेळा पुरू लागलं.

अँटिबायोटिकचं काय करायचं तेही कागदावर लिहून त्याच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं. लघवी गढूळ किंवा वास आला तर पाणी प्यायचं, वेळा चुकल्यात का वहीत बघायचं, फोन करायची गरज नाही. ताप, हुडहुडी, पाय अचानक जास्त उडणं, रक्त, अंड सुजणं यांतलं काही दिसलं तर लगेच फोन. आणि औषधाच्या आधी नव्या नळीतून कल्चर. कागद लावल्यावर पहिल्या वर्षात बायकोने चार वेळा तरीही फोन केला. मी चारही वेळा काही लिहून दिलं नाही. चौथ्या वेळी घाम फुटला होता, तिला नाही, मला.

परिणाम

ऑक्टोबर २०१५ ते २०२३ अखेर, आठ वर्षांत तापाचे संसर्ग पाच वेळा झाले. भरती एकदाच, २०१७ मध्ये उजवा अंड सुजून. मूत्राशयात खडा पुन्हा झालेला नाही. डाव्या किडनीत ७ मिलिमीटरचा एक आहे, त्यावर नजर आहे. मूत्रमार्गाची चीर तिथेच थांबली. ती शिवून घ्यायची नाही असं त्यानेच ठरवलं.

पण जे गेलं ते गेलं. डाव्या किडनीचा वाटा २०१९ च्या स्कॅनमध्ये २२ टक्के निघाला. रक्तदाबाची गोळी २०१८ पासून सुरू आहे. लघवीत जंतू कायम असतात, त्यांत ईएसबीएल ई. कोलाय परत परत येतो. याचा अर्थ काय ते मे २०२० मध्ये कळलं. लॉकडाऊनमध्ये तालुक्यातल्या औषधाच्या दुकानांत नेलॅटॉन नळ्या संपल्या. सात आठवडे त्याने दोनच नळ्या उकळून वापरल्या आणि ताप आला. कल्चर रिपोर्टात अशा तापाला पोटातून देता येईल असं एकही औषध नव्हतं. सात दिवस रोज एक इर्टापेनेमचं इंजेक्शन, सीमेवरचे पास काढत, माझ्या दवाखान्यात. त्या जुन्या ११ कोर्सांचा यात नेमका वाटा किती हे सांगता येणार नाही. शून्य नाही, इतकं मला माहीत आहे.

हंगामात तो आता बागेत बसून आंब्याची प्रतवारी आणि पेट्यांची मोजदाद करतो. तीनचाकी स्कूटरच्या डिकीत स्टीलचा डबा असतो.

वेगळं काय करता आलं असतं

बेडसोर ऑगस्ट २०१२ मध्ये भरून आला होता. हात पहिल्या दिवसापासून चांगले होते. म्हणजे नळी काढायची खरी वेळ पहिल्या चार महिन्यांतच आली होती. तेव्हा गाडीभाड्याचा खर्च फार वाटला. नंतर दोन भरत्या, खड्यांची दोन ऑपरेशनं आणि एका किडनीचा मोठा भाग, असा हिशेब झाला.

पस सेल्सचा रिपोर्ट मी मागवलाच नसता तर निम्मे कोर्स टळले असते. ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती ना पैशावर अवलंबून होती ना अंतरावर. लक्षणं नसताना तपासणी मागवली की उत्तर चुकीचंच येणार होतं.

सिस्टरनी आणलेली ती नळी. रोज नळी हाताळणाऱ्या माणसाला जे दिसतं ते खुर्चीत बसलेल्याला दिसत नाही. त्या दिवशी सोनोग्राफीला पाठवलं असतं तर फेब्रुवारीची रात्र बहुधा टळली असती.

एक खुलासा करायला हवा. हे वाचून कुणी आपल्या घरातल्या माणसाची नळी उपटून काढू नये. आमच्याच तालुक्यात पक्षाघाताने दोन्ही हात गेलेली एक आजी आहे. तिचा मुलगा रात्रपाळी करतो, सून एकटी. तिला आम्ही विचार करूनच सुप्राप्युबिक नळी ठेवली आहे आणि ती योग्य आहे. दहा-बारा वर्षं नळी असलेल्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून तिच्या लघवीत रक्त दिसलं तर ते संसर्गावर ढकलायचं नाही, असं सुनेला सांगून ठेवलंय.

माझ्या दवाखान्यात नळी असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर आता वरच्या कोपऱ्यात दोन ओळी असतात: नळी कशासाठी, आणि पुन्हा विचार कधी. दुसरी ओळ अजूनही कधी कधी कोरी राहते.

त्याच्याबाबत ती ओळ सध्या अशी आहे. गेल्या तपासणीत मूत्राशयाचा दाब पुन्हा थोडा वर गेलेला दिसला. युरॉलॉजिस्ट म्हणतो, मूत्राशय सैल पडायला त्यात बोटॉक्सची इंजेक्शनं घेऊन बघू, परिणाम सहा-नऊ महिने टिकतो, मग परत घ्यावी लागतात. रुग्ण म्हणतो, दर वेळी कोल्हापूर जमणार नाही, गोळी वाढवा. आंब्याचा हंगाम संपला की परत बोलायचं ठरलंय.